भेट, समक्ष आणि व्हिडिओवरील

माणसे एका ठिकाणी जमून करतात ती समक्ष भेट. दूर राहून, पण त्याच वेळी एकमेकांना पाहत व ऐकत करतात ती व्हिडिओ भेट. सरकारी कचेऱ्यांत हिला व्हीसी म्हणतात, घरात व्हिडिओ कॉल. कोणता प्रकार श्रेष्ठ, हा वाद शहरी कंपन्यांत बराच रंगतो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या गावात मात्र आधी विचारले जाते, की भेटीला जायचे कोणी, किती लांब आणि कोणाच्या पैशाने. म्हणून या नोंदीत कडा परिसरातील व्यवहार आधी घेतले आहेत, कायदा व संशोधन त्यानंतर.

कडा हे आष्टीच्या पश्चिमेला, अहिल्यानगरच्या बाजूचे बाजाराचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण बीड, पण अहिल्यानगर त्याहून जवळ. त्यामुळे दवाखाना आणि मोठी खरेदी एका दिशेला, तर सरकारी काम दुसऱ्या दिशेला, अशी येथील माणसाची कायमची ओढाताण. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर कडा हे स्थानक आहे. अहिल्यानगर ते न्यू आष्टी हा टप्पा सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत पोहोचली. म्हणजे घरोघरच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आधी आला आणि रेल्वे नंतर. भेटीचा इतिहास लिहिताना हा उलटा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

बाजारात समक्षतेला पर्याय मिळणे सर्वांत अवघड. कड्याला कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. कांद्याची पत व्यापारी हातात घेऊन ठरवतो: आकार, पत्ती, ओल, मान सुकली आहे की नाही. मोबाइलवरच्या चित्रात ढिगाचा वरचा थर दिसतो, तळ दिसत नाही. जनावरांच्या बाजारातही व्हॉट्सॲपवर बैलजोडीचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून गिऱ्हाईक बाजाराला यायचे ठरवते, पण सौदा दात पाहून आणि जोडी चालवून पाहिल्यावरच होतो.

तरीही समक्ष म्हणजे स्वच्छ, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजारांत पूर्वी हत्ता पद्धत चाले. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे आणि भाव त्याला सर्वांत शेवटी कळे. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणला. राज्याचा सध्याचा कायदा १९६३ चा आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय व्यवस्थेत खरेदीदार दूर बसून बोली लावू शकतो, पण त्याआधी मालाचा नमुना तपासून प्रत ठरवणारे कोणीतरी बाजार आवारातच लागते. खरेदीदार दूर गेला, पण मालाला हात लावणारा माणूस काही हटला नाही.

ऊसतोडीच्या व्यवहारात दोन्ही प्रकारच्या भेटींची वाटणी फार स्पष्ट दिसते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आगाऊ रकमेला उचल. ही उचल कारखान्याकडून मुकादमामार्फत येते आणि हंगामभराच्या मजुरीतून फिटते किंवा फिटत नाही. मुकादम दारात येतो, चार ओळखीचे लोक बसतात, आकडा ठरतो. पैसे आता खात्यावर टाकता येतात, तरी हे बसणे टळत नाही, कारण उचल बुडाली किंवा मजूर अडकवून ठेवले तर बोट दाखवायला समोर पाहिलेला माणूस लागतो. हंगाम सुरू झाला, की मागे राहिलेल्या लेकरांशी आणि म्हाताऱ्यांशी नाते मात्र व्हिडिओवर चालते. कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, वीज असेलच असे नाही. फोन भारून आणायचा, फडातून परतल्यावर वेळ काढायचा, मग बोलायचे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आणली, तिचा हेतू मुलांची शाळा गावाकडेच टिकावी हा. त्याचा अर्थ असाही, की आईबाप आणि मूल यांच्यातले सहा महिने पडद्यावर जाणार. शाळेच्या दृष्टीने हा सौदा बरा आहे, हे प्रस्तुत लेखकाचे मत. पण तो सौदा आहे, हे विसरू नये.

तंत्राचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीत १९३६ मध्ये बर्लिन व लाइपझिग या शहरांदरम्यान सार्वजनिक व्हिडिओ-टेलिफोन सुरू झाला. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात पिक्चरफोन दाखवला, पण महाग असल्याने तो रुजला नाही. भारतात जिल्हाधिकारी कार्यालयांतील व्हीसी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर उभी राहिली. सामान्य घरांत ही सोय पोहोचली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा स्वस्त डेटा आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल आल्यावर.

कायद्यात या विषयावरचा पायाभूत निवाडा महाराष्ट्रातूनच गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात न्यूयॉर्कमधील एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती आणि ते भारतात यायला तयार नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने व्हीसीवरील साक्ष नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी ती मान्य केली. आरोपीच्या हजेरीत साक्ष नोंदवणे म्हणजे सर्वांनी एकाच खोलीत असणे असा अर्थ होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. (डॉ. देसाई पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरले.) निवाड्याबरोबर आलेली खबरदारी तितकीच महत्त्वाची: साक्षीदार बसेल त्या खोलीत एक अधिकारी हजर असावा आणि तेथे दुसरे कोणी नाही, हे त्याने पाहावे. बाजार आवारातील नमुना तपासणाऱ्याचे काम येथे या अधिकाऱ्याकडे आले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटल्याची कामे इलेक्ट्रॉनिक मार्गाने चालवण्याला आता सर्वसाधारण मुभा दिली आहे.

कौटुंबिक वादांत हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. नवरा एका गावी, बायको माहेरी दुसऱ्या गावी, आणि दावा त्याच्या गावच्या न्यायालयात. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी अशा वेळी व्हीसीचा मार्ग सुचवला. ९ ऑक्टोबर २०१७ च्या संतिनी विरुद्ध विजय व्यंकटेश या निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला. दीपक मिश्रा आणि अजय खानविलकर यांच्या मते समेटाची बोलणी बंद दाराआड, समोरासमोरच व्हावीत. समेट फसल्यानंतर दोघांची तयारी असेल तर व्हीसी चालेल. धनंजय चंद्रचूड यांनी विरोधी मत दिले. खानविलकर आणि चंद्रचूड हे दोघेही मराठी, आणि दोघांनाही बाईच्याच हिताची काळजी, हे पाहण्यासारखे आहे. एकाला वाटले, पडद्यावर तिच्यावरचा दाब दिसणार नाही. दुसऱ्याला वाटले, तारखेला शेकडो किलोमीटर येण्याची सक्ती हाच दाब आहे. कड्याहून लांबच्या न्यायालयात मूल कडेवर घेऊन जाणारीला दुसरे मत पटेल, असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज.

सभांच्या बाबतीत कायदा सैल होत गेला. २०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांना व्हिडिओवरून बैठकीत भाग घेऊ दिला. वार्षिक हिशेब मंजूर करणे, विलीनीकरण असे काही विषय आधी यातून वगळले होते, ती आडकाठी जून २०२१ मध्ये निघाली. कोविडच्या काळात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभाही ऑनलाइन झाल्या. तेथे प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बंद करण्याची कळ सभा चालवणाऱ्याच्या हाती असते. पण मंडपातल्या सभेतही ‘मंजूर, मंजूर’ असा गलका करून विरोधकाला बसवले जातेच. फरक एवढाच, की मंडपात बसवल्याचे सगळ्यांना दिसते. ग्रामसभा मात्र अजून मुख्यतः समक्षच आहे. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती, आणि तहकूब सभेला तीही अट नाही. समोर उभे राहून विचारण्याचा हक्क कागदावर मोठा, पण ओटा बहुधा रिकामा.

संशोधनाचा कौल एका बाजूचा नाही. संभाषणात एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील सरासरी अंतर सुमारे २०० मिलिसेकंद असते, हे दहा भाषांच्या अभ्यासात आढळले (२००९). जाळ्यावरचा विलंब यात मिसळला, की दोघे एकदम बोलतात आणि दोघे एकदम थांबतात. व्हिडिओ भेटीचा थकवा काही अंशी येथून येतो, असे मानतात. स्वतःचा चेहरा सतत दिसत राहणे, हेही त्याचे एक कारण मानले जाते. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव्ह यांच्या २०२२ च्या प्रयोगांत व्हिडिओवरील जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचल्या, पण सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या मागे पडल्या नाहीत. संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली व स्वर यांचा असतो, हे प्रशिक्षणवर्गांतील लाडके विधान मात्र येथे आधार म्हणून घेऊ नये. अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते.

घरगुती व्यवहारांत रीत अजून घडते आहे. मुलगी पाहण्याची पहिली फेरी व्हिडिओवर होते, त्यामुळे नकार कमी बोचतो आणि गाडीभाडे वाचते. बैठक मात्र समक्षच. लग्नपत्रिकेत ‘नजरचुकीने आमंत्रण राहिल्यास हेच आमंत्रण समजावे’ अशी सोय फार पूर्वीपासून छापलेली असली, तरी मोबाइलवर आलेली पत्रिका मामा किंवा आत्या आमंत्रण समजत नाहीत. मौतीच्या वेळी परदेशातील मुलाला व्हिडिओवर अखेरचे तोंड दाखवतात. दहाव्याला न आलेल्या भावकीतल्या माणसाला तशी सूट मिळत नाही.

वैद्यकीय सल्ल्यात दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेच्या एका रूपात रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात जातो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी नाडी, रक्तदाब, ताप पाहतो आणि डॉक्टर पडद्यावरून विचारपूस करून औषध सांगतो. २०२० पासून दुसरे रूपही आहे, त्यात रुग्ण घरूनच थेट डॉक्टरशी बोलतो. पोट दाबून पाहायचे असेल तर या दुसऱ्या रूपात ते कोणी करू शकत नाही. अशा रुग्णाला डॉक्टर जवळच्या दवाखान्यात जायला सांगतात, आणि कड्याच्या माणसासाठी तो दवाखाना बऱ्याचदा अहिल्यानगरचा असतो.