भाता आणि कोळसा

आमचा कडावचा भाग भाताचा. कोयता, विळा, पहार, नांगराचा फाळ यांच्याशिवाय शेतकऱ्याचं पान हलत नाही. हे सारं लोहार घडवायचा. तो बारा बलुतेदारांपैकी. रोख मजुरी नाही, सुगीला खळ्यावर भात. पुढं बाजारात तयार अवजारं आली, बलुतं मोडलं आणि गावोगावचे भाते थंडावले.

म्हणून साठीत मीच परसात भट्टी बांधली. वीतभर खोल खड्डा, आतून माती नि भाताच्या तुसाचा लेप, तळाशी वारा जायला लोखंडी पाइप, त्याला हाताने फिरवायचा पंखा. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नको, तापला की विषारी धूर सुटतो. गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता ठोकला. लालबुंद करून तेलात विझवला की पातं कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. लोहार याला पाणी देणं म्हणतात.

पण भट्टी खाते किती, ते पेटवल्यावरच कळतं. पाटीभर कोळसा बघता बघता संपतो. आमच्या डोंगरात कोळसा पाडायचे ते कातकरी. पूर्वी ते खैराचा कात काढत, नावच त्यावरून पडलं. जंगलावर सरकारी बंधनं आली, कात सुटला. मग पावसाळ्यात ठेकेदाराकडून उचल घ्यायची नि पुढं बायकापोरांसकट कोळशाच्या भट्टीवर राबून फेडायची. लोहाराला निदान बलुतं होतं. गावगाडा सांगताना आपण बारा बलुतेदार मोजतो; कोळसा पाडणारा कातकरी त्या मोजणीत कधी आलाच नाही.