कड्याकडे तोंड करून

रे रोडला, आमच्या लहानपणी, दारुखान्यात जुनी जहाजं तोडत. शिडी उतरणाऱ्या नवख्या पोरावर मुकादम ओरडे, ‘तोंड शिडीकडे कर!’

शाळेत मात्र उतरणं म्हणजे पळ काढणं, असंच मनावर ठसलं. ४ फेब्रुवारी १६७०ला सिंहगडावर तानाजी पडले, मावळे दोरांकडे वळले आणि सूर्याजींनी दोर कापले, अशी परंपरा आहे.

मग हिरकणी भेटली. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण. सूर्यास्ताला दरवाजे बंद, घरी तान्हं मूल. रात्री ती कडा उतरली. महाराजांनी तिथे बुरूज बांधवला म्हणतात. समकालीन कागदांत तिचा पुरावा मिळत नाही, हे मान्य. पण गोष्टीतली अडचण अगदी खरी. चढताना खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना पोटाआड. दोन्ही हात आणि एक पाय घट्ट रोवायचा, दुसऱ्या पायाने चाचपायचं, मगच भार टाकायचा. दोर नसेल तेव्हा गिर्यारोहक आजही अवघड कडा असाच, दगडाकडे तोंड करून उतरतात.

ही गोष्ट अम्मीला मीच घरी येऊन सांगितली. कडा केवढा, हे तिने विचारलंच नाही.

‘मूल जागं होतं का रे?’ एवढंच म्हणाली.