झेंडा दोनदा का लावतो?

२०२२ साली देशाच्या स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव झाला, घरोघरी तिरंगा लागला. कोरोनानं दोन वर्षं बंद पडलेली पायी वारीही त्याच आषाढात सुरू झाली. आम्हाला दुहेरी आनंद. पण पोरं विचारतात, १५ ऑगस्टला झेंडा लावतो, मग १७ सप्टेंबरला पुन्हा कशाला? ते या अंकात लिहून ठेवतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा चढला, तेव्हा आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथं झेंडा लावला की तुरुंग. स्वामी रामानंद तीर्थांनाही पकडून नेलं. पंढरपूर मात्र इंग्रजी मुलखात होतं, ते मोकळं झालं. आमचे म्हातारे वारीला निघाले की सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा, हाली पैसा मोडून कलदार घ्यावा लागायचा. म्हणजे बघा, देव स्वतंत्र आणि वारकरी गुलाम! रझाकारांच्या भीतीनं कितीक बिऱ्हाडं बार्शीकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. स्वातंत्र्य आमच्याकडे तेरा महिने उशिरा पोचलं.

इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. रझाकारांचा राग पुढं निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवरही निघाला, माणसं मेली. झेंड्याखाली उभं राहताना त्यांचीही आठवण ठेवावी, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक तारीख वारकऱ्यानं विसरू नये. विठ्ठलाचं दार अस्पृश्य म्हटलेल्या भावंडांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात १ मे १९४७ पासून उपोषण केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं. म्हणजे आधी देवाच्या दाराचा निकाल लागला, मग देश सुटला, मग आम्ही. संतांनी सांगितलेली समता दाराबाहेर ठेवून मिळालेलं स्वातंत्र्य अर्धंच राहिलं असतं.

म्हणून आमची दिंडी दोन्ही दिवशी हरिपाठ म्हणून झेंड्याला जाते. नंतर एकच पंगत बसते, जो येईल तो शेजारी बसतो. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. तुमच्या घरात कुणी असेल तर जवळ बसून विचारून घ्या. झेंडा दरसाल नवा आणता येतो, ती माणसं पुन्हा मिळायची नाहीत.