पान्हा आणि गिरणीचा भोंगा

"अंगावर दूधच नव्हते हो, काय करणार!" परळ-लालबागच्या चाळींतून आम्ही संघटनेचे काम करीत हिंडू लागलो, तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य कितीदा तरी ऐकले. कोणाचे पहिले मूल गेलेले, कोणाचे दुसरे. कारण विचारले की उत्तर हेच. आम्हीही ते खरे मानून चालत होतो. अर्धपोटी राबणारी बाई, तिला दूध कोठून येणार, असा आमचा समज. आमचे शिक्षण सातवीत सुटले. पुढची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. तेथे मजुरांच्या चळवळीचा इतिहास चाळताना या वाक्याची दुसरी बाजू हळूहळू ध्यानात आली. विषय बायकांचा आणि बोलणारा पुरुष. चुकल्यास श्रोत्यांतील आयाबहिणींनी आमचा कान धरावा.

पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत गिरणीकामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. १९२२ साली कारखान्यांचा कायदा सुधारला तेव्हा दिवसाला अकरा तास ही मर्यादा पडली, आणि ती सुधारणा म्हणून गाजली. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. हा आकडा काहीसा फुगलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडे होई, मृत्यूची मात्र मुंबईच्या खात्यावर. तेवढी सूट दिली तरी उरते ते भयंकरच.

त्याच सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमले. १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळते की कामगार बायकांच्या शंभर अर्भकांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात असे. तिला नाव मोठे गोड होते, बाळगोळी. सकाळी गोळी घातली की मूल गिरणी सुटेपर्यंत निपचित पडून राही. या बायकांना कोणी निर्दय म्हणू नये. सांभाळणारी म्हातारी एक, मुले चार, खोली दहा फुटांची. हिरकणीला उतरायला रायगडाचा कडा तरी होता. गिरणीच्या फाटकावर पहारेकरी असे.

आता दुधाची गोष्ट. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. दाट, पिवळसर आणि थोडा. 'थोडा' हाच त्याचा दोष मानून पुष्कळ घरांत तो पिळून टाकीत आणि मुलाला मधाचे बोट चाटवीत. वास्तविक पहिल्या दिवशी अर्भकाला एका वेळेस चमचा-दीड चमचाच पुरतो, आणि रोगाशी झुंजण्याचे बळ त्या चिकातच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते. तेथून पुढचा कारभार मुलाच्या तोंडी असतो. मूल चोखू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन रस रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करविते. ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलते, आणि यालाच आपल्या आज्या पान्हा फुटणे म्हणत आल्या. स्तन रिकामा होईल तसे दूध नव्याने येते. ते आत तुंबून राहिले, तर गरज नाही असे समजून शरीर हात आखडते. मागणी तसा पुरवठा हा अर्थशास्त्र्यांचा नियम बाजारात प्रामाणिकपणे चाललेला आम्ही कधी पाहिला नाही. येथे मात्र तो चालतो.

यावर अकरा तासांचा हिशोब लावून पाहा. सकाळी पाजून बाई खात्यावर जाते. दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते, चोळी भिजते. संध्याकाळी घरी येते तो मूल अफूच्या गुंगीत. ते दोन घोट ओढते आणि झोपते. असे काही आठवडे गेले की दूध खरोखरच उणावते. मग पाणी घातलेले वरचे दूध, मग जुलाब. आणि बाई जन्मभर सांगत राहते की अंगावर दूधच नव्हते. अर्धपोटी बाईला दूध येत नाही, हा आमचा समजही खोटा ठरला. अगदी उपासमार झाली तर गोष्ट वेगळी. एरवी आईचे शरीर स्वतः झिजून दूध देते. अळिवाचे लाडू, डिंक, खसखशीची खीर यांनी बाळंतिणीचे अंग भरावे. ते जरूर द्यावेत. दूध आणते ते मुलाचे चोखणे. मूल रडले म्हणजे दूध कमी पडले, असेही नव्हे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून आले, तर दूध पुरते आहे.

हे शास्त्र कायदे करणाऱ्यांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने ठराव केला, त्यात मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास सुटी होती. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली प्रसूतीसंबंधी बिल आणले, ते पडले. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी प्रयत्न केला. १९२८ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना, बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे आणि तिचा काही भार सरकारनेही उचलावा, अशी मांडणी केली. १९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे, आणि बाळंतपणानंतर चार आठवडे कामाला बंदी. आठ आणे मोलाचे होते. पण दूध नीट बसायलाच चार-सहा आठवडे लागतात. ते बसते न बसते तोच भोंगा. पाजण्याच्या सुटीचा त्यात पत्ता नव्हता. ती १९६१ च्या कायद्याने आली: मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा. २०१७ साली भरपगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या दोन सुट्या कायम राहिल्या.

आता आमचे स्वतःचे सांगणे भाग आहे. वीसेक वर्षांपूर्वी तयार कपड्यांच्या एका कारखान्यात आम्ही करार करीत होतो. पाजण्याच्या सुट्या कायद्यात होत्या, कारखान्यात नव्हत्या. बायकांनी मागणीपत्रात कलम घालून घेतले होते: सुटीचे पैसे कापू नयेत, आणि एक खोली द्यावी. वाटाघाटीच्या शेवटच्या रात्री मालकाने बोनस अर्ध्या टक्क्याने वाढविला आणि ते कलम गळाले. गाळणारे आम्हीच. टेबलाच्या आमच्या बाजूला पाच पुरुष होतो. हे किरकोळ आहे, पुढच्या खेपेला पाहू, असे कोणी म्हटले, तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या. महिन्याभराने एक तरुण बाई बोनसची सही करायला आली. मूल कसे आहे, असे विचारले, तर म्हणाली, "बरं आहे दादा. वरच्या दुधावर आहे. माझं आटलं." तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. चाळीतल्या म्हाताऱ्यांचेच वाक्य होते ते, ऐंशी वर्षांनंतरचे.

पुढच्या कराराला बायका टेबलाशी बसल्या आणि ते कलम पहिले आले. आठ बाय दहाची खोली मिळाली. एक बाक, एक नळ, आणि नापास झालेल्या कापडाचा पडदा, जो बायकांनीच शिवला. अडचण मग निराळीच निघाली. मुले तासाभराच्या अंतरावर घरी; दोन सुट्यांत ती आणायची कशी? तेव्हा त्यांनी तेथे दूध काढून ठेवण्यास सुरुवात केली. स्वच्छ भांड्यात ते बाहेर चार तासच चांगले राहते, आणि पाळी आठ तासांची. कँटीनवाल्याने फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा करून दिला. करारात तो कप्पा लिहिलेला नाही.