ओळीबाहेरचं झाड

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पेरू नावाचं एक छोटं गाव आहे. आपल्या बाजारात जे लालभडक सफरचंद ‘डेलिशस’ म्हणून मिळतं, त्याचा जन्म या पेरूतला. मराठी माणसाला हसू येईल, पण गोष्ट खरी आहे.

१८७०च्या दशकात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याची तिथे सफरचंदाची बाग होती. झाडं रांगेत लावलेली. एकदा दोन ओळींच्या मध्येच एक रोप आपोआप उगवलं. हायटने ते कापून टाकलं. ते पुन्हा फुटलं. त्याने पुन्हा कापलं, ते पुन्हा फुटलं. शेवटी त्यानेच हार मानली आणि रोप राहू दिलं.

हायट वेडा नव्हता. त्या काळातली सफरचंदाची झाडं आजच्यासारखी बुटकी नसत. पंचवीस-तीस फूट घेर सहज व्हायचा. ओळींच्या मधून नांगर जायचा, घोडागाडी जायची, उन्हालाही वाट लागायची. मध्येच उभं राहिलेलं झाड म्हणजे अडचण. शिवाय सफरचंदाच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही. फळ कसं निघेल याचा नेम नाही, म्हणून तर कलमं करतात. असं बेभरवशाचं रोप कोणीही उपटलंच असतं.

काही वर्षांनी त्याला फळं धरली. लाल रेघांची, गोड, सुवासिक. हायटने नाव ठेवलं ‘हॉकआय’. १८९३ साली मिझुरीतल्या स्टार्क ब्रदर्स या नर्सरीने नव्या सफरचंदांची स्पर्धा घेतली, तिथे त्याने फळं पाठवली. ती पसंत पडली, पण पाठवणाऱ्याचं नावच गहाळ झालं. पुढच्या वर्षी हायटने पुन्हा फळं पाठवली, तेव्हा पत्ता लागला. नर्सरीने हक्क विकत घेतले आणि ‘डेलिशस’ या नावाने कलमं विकायला काढली. ओळीबाहेरच्या झाडाच्या आता ओळीच ओळी लागू लागल्या.

या नर्सरीचं एक गिऱ्हाईक हिमाचलात होतं. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा करायला भारतात आले आणि पुढे सिमल्याजवळच्या कोटगढ भागात स्थायिक झाले. बेगारीविरुद्ध लढले, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. हायट आणि स्टोक्स दोघेही क्वेकर घराण्यातले, हा योगायोगच.

हिमाचलात सफरचंद तेव्हा नवं नव्हतं. कॅप्टन ली नावाच्या इंग्रजाने १८७०च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात बाग लावली होती. पण इंग्रजी जाती आंबटसर, आणि आपल्याला लागतं गोड. स्टोक्सनी १९१६ मध्ये थानाधारच्या आपल्या जमिनीत डेलिशस लावलं, गावकऱ्यांना रोपं दिली, लावायला शिकवलं. हळूहळू डोंगरउतारांवरच्या पिकांची जागा सफरचंदाने घेतली. गरीब भागात पैसा आला.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पुढचा गुंता बागेच्या आखणीचा आहे.

कलम म्हणजे हुबेहूब प्रत. डेलिशसची शंभर कलमं लावली तरी परागीकरणाच्या दृष्टीने ते एकच झाड. स्वतःच्या परागकणांवर त्याला नीट फळ धरत नाही. रॉयल, रिच-अ-रेड ही नावं वेगळी वाटतात, पण तीही याच झाडाची रूपं. त्यांचा एकमेकांना उपयोग नाही. त्याच वेळी फुलणारी, खरोखर वेगळी जात शेजारी लागते, उदाहरणार्थ गोल्डन डेलिशस. शिवाय पराग वाहून न्यायला मधमाश्या हव्यातच.

जुनी आखणी यासाठी सोपी होती: दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड दुसऱ्या जातीचं. कागदावर तीन बाय तीनच्या चौकटी काढून बघा. नऊ घरांतलं मधलं घर वेगळं, आणि उरलेली आठही त्याला समोरासमोर किंवा तिरकी चिकटलेली. मी कोड लिहिणारा माणूस, मला हा हिशोब बघून फार बरं वाटलं होतं.

पण त्या नवव्या झाडाच्या फळाला बाजारात भाव कमी. मग हिमाचलातल्या अनेक बागांत ते कमी लावलं गेलं, कुठे काढून त्या जागी आणखी एक लाल लावलं गेलं. एकेका बागवानाचा हिशोब चुकीचा नव्हता. घर त्यावरच चालायचं. मात्र हळूहळू फळधारणा घटू लागली. कीटकनाशकांमुळे मधमाश्याही कमी झाल्या. १९९०च्या दशकापर्यंत अशी वेळ आली की फुलोऱ्याच्या दिवसांत बागवान दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या तोडून आणायचे आणि पाण्यात ठेवून आपल्या झाडांवर टांगायचे. मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायचे. जे झाड जमिनीत हवं होतं, त्याच्या फांद्या आता दरवर्षी उसन्या आणाव्या लागत होत्या.

हायटने जे झाड दोनदा कापलं, त्याच्याच वंशजांसाठी लोकांनी दुसरी झाडं कापली. कारण दोन्हीकडे एकच: आखणीत बसत नाही.

कधी थंड मुलखात घरापुरती चार सफरचंदं लावायची वेळ आली, तर सुतळी आणि खुंट्या घेऊन ओळी जरूर आखा. फक्त पहिली खुंटी त्या दुसऱ्या जातीच्या झाडासाठी ठोका. आवडीचं सफरचंद नंतर, त्याच्या शेजारी.