आशियाई क्रीडासामन्यांतील भारताच्या पदकसंख्येचे पाठभेद

दिल्लीस १९५१ सालीं भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांत भारतानें १५ सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें ६७ वर्षें हा आंकडा कोठल्याही सामन्यांत ओलांडला गेला नाहीं. २०१८ सालीं जकार्ता येथील सामने संपले तेव्हां भारताच्या खातीं पुन्हां १५ च सुवर्णें पडलीं, व १९५१ शीं बरोबरी झाली असें वर्तमानपत्रांनीं छापिलें. आज कोष्टक उघडून पाहणारास मात्र २०१८ च्या समोर १६ हा आंकडा दिसतो. सामने उरकून खेळाडू घरीं आले; त्यानंतर त्या सामन्यांपुरतें कोणी धांवलें नाहीं कीं कोणी कुस्ती खेळलें नाहीं. मग सोळावें सुवर्ण आलें कोठून? या एका प्रश्नाचा माग काढतां काढतां आम्हांस असें आढळून आलें कीं, भारताच्या पदकांचें म्हणून जें कोष्टक सर्वत्र उतरून घेतलें जातें, त्यांत जुन्या बखरींसारखेच पाठभेद आहेत.

कोपरगांवांत राहणारास अशा गोष्टींची संवय असते. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव दादासाहेब येथें येऊन राहिले, व १७८३ च्या डिसेंबरांत येथेंच निवर्तले. त्यांचा वाडा पाहावयास येणारा पाहुणा हटकून अटकेची गोष्ट काढतो, आणि दादासाहेबांनीं अटकेस झेंडा लाविला असें मोठ्या विश्वासानें सांगतो. वस्तुतः १७५८ च्या उन्हाळ्यांत दादासाहेब स्वतः लाहोरास होते व तेथूनच माघारे वळले. पुढें सिंधूकडे गेलेल्या फौजेच्या संबंधांत तुकोजी होळकर, साबाजी शिंदे हीं नांवें येतात. मोहीम दादासाहेबांची, म्हणून यश त्यांच्या खातीं मांडलें गेलें. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. खात्याची रीतच अशी कीं, एक नांव वर चढलें म्हणजे बाकीचीं खालीं राहतात. पदकांचीं कोष्टकें चाळतांना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवली.

सामन्यांची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. १९१३ पासून मनिला व पूर्वेकडील इतर शहरांत अतिपूर्वेचे क्रीडासामने भरत. १९३० सालीं टोकिओस भरलेल्या सामन्यांत भारतही उतरला होता. १९३४ सालीं दिल्ली व पतियाळा येथें पश्चिम आशियाई सामने झाले, ते एकदांच. या सर्व खटपटींत लाहोरचे प्राध्यापक गुरुदत्त सोंधी पुढें होते. १९४९ च्या फेब्रुवारींत आशियाई क्रीडासंघ दिल्लीस स्थापन झाला व ४ ते ११ मार्च १९५१ या आठ दिवसांत पहिले सामने पार पडले. राष्ट्रें ११, स्पर्धा ५७.

१९५१ चा १५ हा आंकडा आम्ही नांवांवरून ताडून पाहिला. मुंबईचे लेव्ही पिंटो यांचीं १०० व २०० मीटर धांवण्याचीं दोन, रणजितसिंग ८०० मीटर, निक्कासिंग १५०० मीटर, छोटासिंग मॅरेथॉन, चालण्याच्या दोन शर्यतींत महाबीर प्रसाद व बख्तावरसिंग, गोळाफेकींत मदनलाल, थाळीफेकींत माखनसिंग, आणि चौघांची मिळून ४०० मीटरची रिले. हीं मैदानावरचीं दहा झालीं. पाण्यांतलीं चार : शचीन नाग यांचें १०० मीटर पोहण्याचें, के. पी. ठक्कर यांचीं सूर मारण्याचीं दोन, व वॉटर पोलोच्या संघाचें एक. पंधरावें फुटबॉलचें, अंतिम सामन्यांत इराणविरुद्ध मेवालाल यांनीं केलेल्या एकुलत्या एका गोलावर तें मिळालें. बेरीज बरोबर जमते. त्याच वेळीं दिल्लींत शरीरसौष्ठवाची स्पर्धा होऊन तींत परिमल राय पहिले आले होते. पण तो मान कोष्टकांत धरीत नाहींत. रौप्य १६ व कांस्य २० मिळून एकूण ५१ पदकें, आणि जपानच्या मागोमाग दुसरा क्रमांक.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ५७ पैकीं १५ म्हणजे चार सुवर्णांतील एकाहून अधिक. हांगचौच्या सामन्यांत भारतास २८ सुवर्णें मिळालीं, पण स्पर्धा ४८१ होत्या. तेथें हें प्रमाण सतरांत एक पडतें. म्हणून नुसत्या संख्येवरून १९५१ ची पिढी मागें पडली असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. तसेंच आजची पिढी उणी असेंही नव्हे. १९५१ सालीं चीन नव्हता, व आलेलीं राष्ट्रें अकराच होतीं. दोन निराळ्या मापांनीं मोजलेलें धान्य एकाच राशींत ओतण्याचा हा प्रकार आहे.

खरा घोंटाळा १९६२ च्या जकार्त्याचा. हे सामने अगोदरच वादांत सांपडले होते. यजमान इंडोनेशियानें इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंस प्रवेशाचे परवाने दिले नाहींत; सोंधी यांनीं त्यास हरकत घेतली, तेव्हां जकार्त्यांत भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला. या वर्षीं भारताचीं पदकें किती? एका तक्त्यांत सुवर्ण १०, रौप्य १३, कांस्य १०, एकूण ३३; दुसऱ्यांत सुवर्ण १२, रौप्य १३, कांस्य २७, एकूण ५२. रौप्य तेवढीं दोहींकडे सारखीं, आणि कांस्यांत १७ चा फरक! आम्ही पुन्हां नांवें मांडलीं. धांवण्यांत मिल्खासिंग, मोहिंदरसिंग, तरलोकसिंग, दशप्रकारी स्पर्धेंत गुरबचनसिंग, ४०० मीटरची रिले, मुष्टियुद्धांत पदमबहादूर मल्ल, फुटबॉल, आणि कुस्तींत मालवा, मारुती माने व गणपत आंदळकर. हीं दहा होतात. तेव्हां सुवर्णांपुरता पहिला पाठ आम्ही ग्राह्य मानतों. बाराचा पाठ घेणारानें उरलेलीं दोन नांवें पुढें ठेवावीं; तोंवर नुसता मोठा आंकडा हा पुरावा होत नाहीं.

माने व आंदळकर यांजविषयीं येथें चार शब्द अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे, आंदळकर शिराळ्याकडील पुनवतचे. दोघेही लाल मातींत वाढलेले. मान्यांनीं मुक्त कुस्तींत सुवर्ण व ग्रीको-रोमन कुस्तींत रौप्य मिळविलें. आंदळकरांनीं उलट ग्रीको-रोमनमध्यें सुवर्ण व मुक्त कुस्तींत रौप्य. ग्रीको-रोमन प्रकारांत कमरेखालीं हात घालतां येत नाहीं व पायाचा डावही चालत नाहीं. पट काढणें, टांग मारणें यांवर ज्याची सारी विद्या, अशा तालमींतल्या मल्लास तें म्हणजे पाय बांधून लढण्यासारखें. त्या प्रकारांत आंदळकर सर्वांत वजनदार गटांत पहिले आले, याचें महत्त्व एका सुवर्णाच्या आंकड्यांत मावत नाहीं. आंदळकर २०१८ च्या सप्टेंबरांत वारले; जकार्त्याचे दुसरे सामने संपून तेव्हां पंधरा दिवस झाले होते.

१९६२ नंतरचीं कांहीं वर्षें झरझर ओलांडतां येतील. १९८२ च्या दिल्लींत ५७ पदकें, त्यांपैकीं १३ सुवर्णें. १९८६ च्या सेऊलमध्यें सुवर्णें ५. आणि १९९० च्या बीजिंगमध्यें अवघें एक. तें एक कशाचें? हुतूतूचें, म्हणजे कबड्डीचें. कबड्डी १९८२ सालीं दिल्लींत केवळ प्रदर्शनापुरती खेळली गेली होती. पदकाचा खेळ म्हणून ती बीजिंगला प्रथम आली. गांवकुसाबाहेरच्या मोकळ्या जागेंत, ज्यास काठी लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं, असा हा खेळ. महाराष्ट्रांत त्याचे नियम बांधले जाऊन तो देशभर पसरला. कबड्डीमहर्षि म्हणविले गेलेले शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचे श्रम त्यांत मोठे आहेत. हा खेळ त्या वर्षीं नसता तर भारताच्या समोर सुवर्णाच्या रकान्यांत शून्य पडलें असतें.

आतां सोळाव्या सुवर्णाकडे वळूं. निकाल लागून गेल्यावर उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीवरून पदकें काढून घेण्याची व देण्याची चाल अलीकडची आहे, व कोष्टकांतील बहुतेक नवे पाठभेद तिच्यांतून निघालेले आहेत. २००२ च्या बुसान सामन्यांत सुनीता राणी यांचें १५०० मीटरचें सुवर्ण व ५००० मीटरचें कांस्य काढून घेतलें गेलें. पुढें प्रयोगशाळेच्या कामांतील दोष उघड होऊन दोन्ही परत मिळालीं. म्हणून बुसानचीं सुवर्णें कोठें १० तर कोठें ११ लिहिलेलीं आढळतात. २०१४ च्या इंचनचा प्रकार याहून सूक्ष्म. हातोडाफेकींत पहिली आलेल्या चिनी खेळाडूस बाद केल्यानें मंजू बाला यांचें कांस्य रौप्य झालें; पुढील वर्षीं त्या खेळाडूस तिचें सुवर्ण परत दिलें गेलें, तेव्हां रौप्य पुन्हां कांस्य झालें. परिणाम असा कीं ११, १०, ३६ हा एक पाठ व ११, ९, ३७ हा दुसरा. एकूण ५७ मात्र दोहोंत कायम. बेरीज जमली म्हणजे हिशेब खरा, असें समजणारानें हें उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावें.

२०१८ च्या जकार्त्यांत बहरीनच्या एका धांवपटूचा दोष मागाहून सिद्ध झाला, व तेवढ्यानें भारताचीं दोन कलमें बदललीं. मिश्र ४०० मीटर रिलेंत दुसरा आलेला मोहम्मद अनस, हिमा दास, पूवम्मा व आरोकिया राजीव यांचा संघ पहिला ठरला. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत चौथ्या आलेल्या अनु राघवन यांस कांस्य मिळालें. १५, २४, ३० चे १६, २३, ३१ झाले, आणि ६९ चे ७०. हा निर्णय २०२० सालचा. त्यांतील न्याय आम्हांस मान्य आहे. ज्यांचें पदक हिरावलें गेलें होतें त्यांस तें मिळालें हें योग्यच झालें. मात्र १९५१ चा उच्चांक २०१८ सालीं जकार्त्याच्या मैदानावर मोडला, असें इतिहासांत लिहूं नये. तेथें त्याची बरोबरी झाली. तो मोडला दोन वर्षांनीं, कागदावर. मैदानावर तो मोडला हांगचौ येथें.

हांगचौच्या सामन्यांस २०२२ चे म्हणतात, पण ते भरले २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत. महासाथीमुळें वर्षभर पुढें गेले, नांव मात्र जुनेंच राहिलें. शके व इसवी यांच्या मेळांत वर्षाची चूक करणाऱ्यांस ही एक नवी सोय झाली आहे. तेथील भारताचीं पदकें सामने संपतांना १०७ होतीं. पुढें एका महिला मुष्टियोद्ध्याचें कांस्य ठावठिकाणा कळविण्याच्या नियमावरून रद्द झालें व आतां १०६ धरतात. १०७ चा आंकडा घरोघर इतका रुजला आहे कीं, तो आणखी पन्नास वर्षें तरी छापला जाईल असें आम्हांस वाटतें.

या १०६ पैकीं एक सुवर्ण पुरुषांच्या कबड्डीचें. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं अंतिम सामना इराणशीं झाला; शेवटच्या मिनिटांत एका चढाईच्या गुणांवरून तंटा होऊन खेळ तासभर थांबला, व अखेरीस ३३ विरुद्ध २९ असा भारताचा विजय झाला. या संघांत अस्लम इनामदार होते, ते आमच्याच नगर जिल्ह्यांतील टाकळीभानचे. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनीं त्याच सामन्यांत ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटें १९.५० सेकंदांत जिंकली. साबळे यांचें नांव कोष्टकामागच्या प्रत्येक यादींत सांपडतें, कारण तें एकट्याचें सुवर्ण. इनामदारांचें सांपडत नाहीं. तेथें फक्त 'पुरुष कबड्डी : भारत' एवढेंच लिहिलेलें असतें, व बारा जण त्या एका ओळीखालीं झांकले जातात. १९५१ च्या वॉटर पोलोच्या व रिलेच्या खेळाडूंचें हेंच झालें. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें असल्यानें, पुढें जुन्या नगर जिल्ह्याचे खेळाडू शोधणारास आणखी एक पाठभेद सोडवावा लागेल तो निराळाच.

संग्राहकांजवळ १९५१ पासूनच्या आशियाई सामन्यांतील संघांच्या छापील याद्या, प्रमाणपत्रें, प्रवेशपत्रें अथवा तारखेसह कापून ठेविलेलीं कात्रणें असल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. तारीख नसलेलें कात्रणही चालेल. मागील बाजूच्या मजकुरावरून तारीख पुष्कळदां लावतां येते. १९६२ च्या मुष्टियुद्धाच्या व कुस्तीच्या निकालपत्रकाची एखादी प्रत कोणाच्या दप्तरांत निघाली, तर ती प्रथम पाहावयास मिळावी अशी आमची विनंती आहे.