चिपचा वेग कशावरून ठरतो? सर्वात संथ वाटेवरून!

गडहिंग्लज बसस्थानकाचं उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरला जाणाऱ्या एका गाडीसाठी आजरा, नेसरी आणि चंदगडहून प्रवासी येणार आहेत. सगळ्यांना घेऊनच गाडी सुटणार असेल, तर तिची वेळ शेवटी पोहोचणाऱ्यांवरून ठरेल. चंदगडची बस उशिरा येत असेल, तर आजऱ्याची बस दहा मिनिटं आधी आणून उपयोग नाही. मोबाइल-कॉम्प्युटरमधल्या चिपचंही असंच असतं.

क्रिटिकल पाथ म्हणजे काय?

चिपमधलं प्रत्येक लॉजिक गेट उत्तर द्यायला थोडा वेळ घेतं. तारेतून सिग्नल जायलाही वेळ लागतो. हा वेळ म्हणजे 'डिले'. एका फ्लिप-फ्लॉपमधून निघालेला सिग्नल क्लॉकचा पुढचा ठोका पडण्याआधी दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोहोचायला हवा.

समजा, तीन वाटांना 6, 8 आणि 10 नॅनोसेकंद लागतात. मग दोन ठोक्यांमध्ये किमान 10 नॅनोसेकंद हवेत, म्हणजेच कमाल वेग 100 मेगाहर्ट्झ. ही सर्वात संथ वाट म्हणजे 'क्रिटिकल पाथ'. ती 8 नॅनोसेकंदांवर आणली की वेग 125 मेगाहर्ट्झ होतो. 6ची वाट 4वर आणली, तर वेग तोच राहतो आणि वीज मात्र जास्त लागते.

डिले कमी कसा करतात?

• गेट मोठं करणं: मोठं गेट पुढचा सिग्नल लवकर ढकलतं. पण त्यामुळे मागच्या गेटवरचा भार वाढतो.
• बफर टाकणं: तार दुप्पट लांब झाली, तर तिचा डिले साधारण चौपट होतो. म्हणून लांब तारेत मध्ये बफर बसवतात.
• पाइपलाइन: लांब वाटेच्या मध्ये फ्लिप-फ्लॉप टाकून काम दोन ठोक्यांत विभागतात.

लवकर पोहोचणंही धोक्याचं

प्रवासी फार लवकर आला, तर चुकून आधीच्याच गाडीत चढेल. सिग्नलचंही तसंच होतं. याला 'होल्ड'ची चूक म्हणतात. उशिराची चूक राहिली, तर चिप निदान कमी वेगात चालवता येते. होल्डची चूक मात्र क्लॉक संथ करूनही जात नाही. त्यामुळे तयार चिप निकामी ठरू शकते. म्हणूनच चिप बनवायला पाठवण्याआधी 'स्टॅटिक टायमिंग अ‍ॅनालिसिस' करणारं सॉफ्टवेअर सगळ्या वाटांचा हिशेब तपासतं. घाईची वाट दिसली, तर तिथे मुद्दाम डिले वाढवतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण

आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर 2019मध्ये चर्चेत आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तो 180 नॅनोमीटर तंत्रज्ञानाने बनवला गेला. त्याचा वेग 70 ते 120 मेगाहर्ट्झ सांगण्यात आला. 120 मेगाहर्ट्झ म्हणजे दोन ठोक्यांत फक्त 8.3 नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम अडीच मीटर जातो. चिपमधल्या सर्वात संथ वाटेलाही आपलं काम तेवढ्यातच उरकावं लागतं.